टाच आली, पण पैसा आला का?

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री आणि माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : अमली पदार्थांच्या धंद्यातून परदेशात उभी राहिलेली मालमत्ता, तिची जप्ती आणि त्यातला आपला वाटा

महोदया, महोदय,

सप्टेंबर २०२० मध्ये ईडीने जाहीर केलं की, अमली पदार्थांच्या तस्करीचा आरोप असलेल्या इक्बाल मिरचीच्या कुटुंबीयांच्या दुबईतल्या १५ मालमत्तांवर टाच आणली आहे. किंमत सुमारे २०३ कोटी रुपये. त्यात एक हॉटेल, बाकी व्यापारी गाळे आणि घरं. बातमी सगळीकडे ठळक छापून आली आणि दोन दिवसांत मागे पडली. मी ठाण्यात सनदी लेखापालाचा व्यवसाय करतो. आमच्या धंद्यात ‘येणे’ म्हणून रक्कम नुसती लिहून भागत नाही. वर्ष संपलं की विचारावंच लागतं : वसूल झाली का? नसेल तर कधी होणार? की बुडीत धरायची? त्या २०३ कोटींबद्दल हेच विचारायला हे पत्र लिहितो आहे.

आपणा दोघांना एकत्र लिहिण्याचं कारण साधं आहे. ईडी अर्थखात्याकडे आहे. परदेशी सरकारकडे कायदेशीर मदत मागणारी पत्रं गृहखात्यामार्फत जातात. एकालाच लिहिलं असतं तर ते ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि मला पोच मिळाली असती.

मिरचीची गोष्ट मुंबईकरांना नवी नाही, पण तिच्यातल्या तारखा एका ओळीत मांडल्या की काय दिसतं ते पाहा. वरळीतल्या राबिया मॅन्शन, मरियम लॉज आणि सी व्ह्यू या तीन इमारती त्याने १९८६ मध्ये एका ट्रस्टकडून साडेसहा लाखांना घेतल्या, असं ईडीचं म्हणणं. एप्रिल १९९५ मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली. भारताने प्रत्यार्पण मागितलं, ते १९९९ मध्ये तिथल्या कोर्टात टिकलं नाही. जून २००४ मध्ये अमेरिकेने त्याला अमली पदार्थांच्या बड्या तस्करांच्या यादीत टाकलं. तो आरोप नाकारत राहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये तो लंडनमध्येच वारला. आणि ईडीची ही मोठी कारवाई सुरू झाली २०१९ मध्ये, म्हणजे वरळीच्या खरेदीनंतर ३३ वर्षांनी आणि खरेदीदार मेल्यावर सहा वर्षांनी. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला मिटतो. भाडं मात्र येत राहतं.

यातली एक तारीख मला जास्त खुपते. २२ सप्टेंबर १९९२ रोजी भारत आणि ब्रिटनने लंडनमध्ये एक करार केला होता. गुन्ह्यातून मिळालेला पैसा शोधणं, तो गोठवणं आणि जप्त करणं, यात एकमेकांना मदत करण्याचा. हा करार अमलात आणता यावा म्हणून १९९३ मध्ये आपण फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘सात-अ’ हे नवं प्रकरण घातलं. आता तेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलं आहे. म्हणजे १९९५ मध्ये मिरची लंडनला पकडला गेला तेव्हा माणूस मागण्याचीही सोय होती आणि त्याची मालमत्ता मागण्याचीही. माणूस आपण मागितला. त्याच्या घरांची, खात्यांची, कंपन्यांची मागणी तेव्हा कुणी केली होती का, हे आपल्या दप्तरात शोधण्यासारखं आहे.

आपल्याकडे कायदे कमी आहेत असं कुणी म्हणू नये. तस्करांची मालमत्ता सरकारजमा करणारा १९७६ चा साफेमा आहे. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो उचलून धरला, अगदी नातेवाइकांच्या आणि साथीदारांच्या नावावरच्या मालमत्तेसकट. अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात १९८९ मध्ये घातलेल्या ‘पाच-अ’ प्रकरणाने तस्कराची मालमत्ता सरकारजमा करता येते, आणि ती कष्टाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा पीएमएलए आहे. त्याच्या कलम ८(७) प्रमाणे आरोपी मेला किंवा फरार झाला म्हणून जप्ती अडत नाही. पैसा परदेशात असेल तर तेवढ्याच किमतीची इथली मालमत्ता धरण्याची सोयही त्यात नंतर झाली. २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगारांचा कायदा तर थेट परदेशातल्या मालमत्तेचं नाव घेतो. पण हे सगळे कायदे आपल्या सीमेपर्यंत चालतात. वरळीत लावलेली नोटीस ही नोटीस असते. दुबईत ती विनंती होते. तिथल्या यंत्रणेने आपला आदेश स्वीकारून स्वतःचा आदेश काढेपर्यंत तिथल्या हॉटेलच्या गल्ल्याला कुणाचा हात लागत नाही. बातमीत मात्र वरळी आणि दुबई दोन्ही ठिकाणी ‘टाच’ हाच शब्द छापून येतो.

समजा, दुबईने किंवा लंडनने आपली विनंती मान्य केली, मालमत्ता जप्त झाली, विकली गेली. मग पैसा कुणाचा? माझ्या पत्राचा खरा विषय इथे सुरू होतो.

अमली पदार्थांविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार व्हिएन्नात डिसेंबर १९८८ मध्ये झाला आणि ज्यात भारत १९९० मध्ये सामील झाला, त्याचं पाचवं कलम जप्तीचं आहे. त्या काळच्या मानाने ते धीट होतं. बँकेच्या गुप्ततेचं कारण सांगून कागदपत्रं नाकारता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या देशाने मागितलं तर मालमत्ता शोधून, गोठवून द्यायची, हेही आहे. पण विल्हेवाटीचा मुद्दा आला की कलम सांगतं : ज्या देशाने जप्त केलं त्याने आपल्या कायद्याप्रमाणे काय करायचं ते करावं. इतर देशांशी वाटणी करण्याचा, किंवा या कामातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांना देण्याचा ‘विशेष विचार’ करावा, इतकंच पुढे आहे. विचार करावा. केलाच पाहिजे असं नाही.

याच्या शेजारी २००३ चा भ्रष्टाचारविरोधी करार ठेवा. तिथे सरकारी तिजोरीतून लुटलेला पैसा मूळ देशाला परत द्यायचा असं ५७ वं कलम बजावतं. २००० च्या पालेर्मो करारात, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या करारात, मागणाऱ्या देशाला पैसा परत देण्याचा अग्रक्रमाने विचार करा, म्हणजे त्याला पीडितांची भरपाई करता येईल, एवढं तरी म्हटलं आहे. हे दोन्ही करार भारताने २०११ मध्ये मंजूर केले. अमली पैशाला मात्र मालक नाही असं धरलेलं आहे. लाचखोर मंत्र्याने लुटलं तर लुटली गेलेली जनता डोळ्यासमोर असते. गर्दच्या पुडीचे पैसे गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिले, मग परत कुणाला करायचं?

या स्वखुशीबद्दल मला थोडं लिहू द्या. ठाणे जिल्ह्यातल्या एका लहान व्यसनमुक्ती केंद्राचे हिशेब मी विनामोबदला तपासतो. जमेच्या बाजूला पेशंटच्या घरच्यांनी भरलेली फी, एका कंपनीची देणगी, कुणी वाढदिवसाला दिलेला तांदूळ. पावतीपुस्तकात ‘उर्वरित पुढील महिन्यात’ असा शेरा बहुतेक पानांवर. एका पावतीच्या मागे पेशंटच्या आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘पाटल्या मोडून’. असं लिहायची काही गरज नव्हती. पैसे कुठून आले हे केंद्राने विचारलं नव्हतं. बहुधा मुलाला दाखवायला लिहिलं असावं.

तिथेच एका मुलाच्या वडिलांनी मला त्याचं पासबुक दाखवलं. ‘तुम्ही हिशेबातले, तुम्हाला काही कळतंय का बघा.’ आठशे, बाराशे, पंधराशे, पुन्हा आठशे. सगळे यूपीआय, सगळे एका जनरल स्टोअरच्या नावाने. वडिलांना वाटत होतं की पोरगा हॉटेलचं खाणं मागवतो. असं दुकान त्या पत्त्यावर नव्हतंच. कुणा गरजूच्या नावावर उघडलेलं आणि महिन्याच्या भाड्याने दिलेलं खातं, दुसरं काही नाही. पुढचा प्रवास आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगता येईल. दहा-वीस भाड्याच्या खात्यांतून रक्कम रोखीत निघते, आंगडियाकडे, म्हणजे रोकड पोचवणाऱ्या खासगी कुरिअरकडे जाते, हवाल्याने दुबईत पोचते. किंवा निर्यातीचं बिल फुगवून वाट काढली जाते. किंवा हल्ली टेथर हे क्रिप्टो चलन घेऊन मोबाइलमधूनच पाठवतात, आंगडियाचीही गरज उरत नाही. तिकडे ती एका फ्लॅटचा हप्ता होते, फ्लॅट मेहुण्याच्या नावावर. पाटल्या ठाण्यात मोडल्या, फ्लॅट दुबईत झाला आणि कागदोपत्री या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आणि ज्याला आपण ‘मोठी कारवाई’ म्हणतो तिच्याकडेही हिशेबाच्या नजरेने बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना पकडला. कुपवाड, दिल्ली असे ठिकठिकाणचे साठे धरून दीड हजार किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी, हाती लागलं. काही माल लंडनला गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. बाजारभाव हजारो कोटींत. कारवाई खरोखरच मोठी होती, तीबद्दल पुणे पोलिसांचं कौतुक आहेच. पण पकडलेला माल हा न विकलेला माल असतो. तो जाळला की धंदेवाल्याचा उत्पादनखर्च बुडतो. बाजारभाव बुडत नाही, कारण तो अजून त्याच्या हाती आलेलाच नसतो. आधी विकल्या गेलेल्या मालाचा नफा सुखरूप असतो आणि पुढचा कारखाना त्यातूनच उभा राहतो. नफ्याची वजनं पत्रकार परिषदेच्या टेबलावर कधी मांडलेली मी पाहिली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालयाने २०११ मध्ये अंदाज काढला होता की, २००९ या एका वर्षात जगभर सुमारे १.६ लाख कोटी डॉलर इतका गुन्ह्यांचा पैसा पांढरा झाला, आणि त्यातला एक टक्कासुद्धा पकडला किंवा गोठवला गेला नाही.

आता एक उलट्या दिशेचं प्रकरण घेतो, कारण त्यात आपणच देणाऱ्याच्या जागी आहोत. हल्द्वानीचा एक माणूस डार्क वेबवरून, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागातून, फेंटॅनिल, एलएसडी, केटामिन विकत होता. गिऱ्हाइकं अमेरिकेतली. २०१९ मध्ये तो लंडनमध्ये पकडला गेला, २०२३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात दिला गेला. जानेवारी २०२४ मध्ये ओहायोच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि सुमारे १५ कोटी डॉलरचं क्रिप्टो चलन सोडून द्यायला तयार झाला. अमेरिकेने मदत मागितली म्हणून ईडीने उत्तराखंडात छापे घातले, त्याच्या भावाला अटक केली आणि २६८ बिटकॉइन ताब्यात घेतले. तेव्हाच्या भावाने सुमारे १३० कोटी रुपये.

परस्पर सहकार्य म्हणतात ते हे, आणि ते चाललं. पत्र आलं, छापा पडला, चलन हाती लागलं. पण हे २६८ बिटकॉइन आता कुणाचे? पीएमएलएच्या ५८-ब आणि ६० व्या कलमांनी परदेशाच्या विनंतीवरून इथे जप्ती करता येते. व्हिएन्ना करारानुसार जप्त करणाऱ्याचा हक्क. बळी अमेरिकेतले, तपासाची सुरुवात अमेरिकेची, अटक ब्रिटनने केली, चलन आपल्या हाती. अमेरिकेच्या कायद्यात मदत करणाऱ्या देशाला वाटा देण्याची तरतूद आहे आणि ते तो देतातही. आपण यात काय बोललो? अर्धं-अर्धं? सगळं परत? की तो विषय निघेल तेव्हा पाहू? दरम्यान बिटकॉइनचा भाव रोज वरखाली होतो. ते ठेवायचे की विकायचे, हा निर्णयसुद्धा कुणीतरी सही करून घ्यावा लागतो.

वाटणीचं सूत्र आधी ठरलेलं असणं किती कामाचं आहे ते स्वित्झर्लंडकडे पाहून कळतं. मेक्सिकोच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ राउल सालिनास यांची स्विस बँकांमधली खाती १९९५ मध्ये अमली पैशाच्या संशयावरून गोठवली गेली. प्रकरण तेरा वर्षं रेंगाळलं. अमली पैशाचा आरोप टिकला नाही, आणि अखेर २००८ मध्ये सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलर मेक्सिकोकडे गेले. मधल्या काळात स्विस लोकांनी एक शहाणपण केलं. २००४ मध्ये जप्त मालमत्तेच्या वाटणीचाच कायदा केला. परदेशाशी वाटणी साधारण निम्मी-निम्मी. म्हणजे मदत मागणाऱ्याला आधीच माहीत असतं की काम झालं तर हाती काय पडेल. हे माहीत असलं की तपास अधिकारी जास्त नेटाने पत्रं लिहितो. सरकारी माणूस असला तरी माणूसच आहे.

लक्झेंबर्गचंही उदाहरण देतो. लोकसंख्येने हा देश आमच्या ठाणे शहरापेक्षा लहान. १९९० मध्ये तिथे कोलंबियातल्या काली कार्टेल या अमली टोळीचा पैसा फिरवणारा एक माणूस पकडला गेला आणि बँकांच्या त्या देशाची झोप उडाली. त्यांनी १९९२ मध्ये कायद्याने एक वेगळा निधी उभा केला. जप्त झालेला अमली पैसा त्या निधीत आणि तिथून अमली पदार्थांविरुद्धच्या कामात. इटलीने १९९६ मध्ये माफियांची जप्त घरं आणि शेतं सहकारी संस्थांना, नगरपालिकांना सामाजिक कामासाठी द्यायचा कायदा केला. आयर्लंडने त्याच वर्षी, अमली धंद्यावर लिहिणाऱ्या वेरोनिका गेरिन या पत्रकार बाईच्या खुनानंतर, पोलीस, करखातं आणि समाजकल्याण खात्याची माणसं एका कार्यालयात बसवली.

आणि आपलं काय? आपल्याकडे निधी आहे, आणि तो लक्झेंबर्गच्या आधीचा आहे! एनडीपीएस कायद्याचं कलम ‘सात-अ’ : अमली पदार्थांच्या दुरुपयोगाच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधी. १९८९ पासूनचा. त्याचा पैसा तस्करी रोखण्यासोबतच व्यसनींच्या उपचारासाठी, पुनर्वसनासाठी वापरायचा, असं कायद्यातच आहे. कल्पना उत्तम. पण जमेच्या बाबी वाचा. संसदेने मंजूर केलेली रक्कम. ‘पाच-अ’ प्रकरणाखाली सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीचे पैसे. कुणी दिलेलं अनुदान. आणि या सगळ्याच्या गुंतवणुकीवरचं उत्पन्न. बस्स. पीएमएलएखाली झालेली जप्ती यात नाही, आणि आज बडी प्रकरणं सगळी पीएमएलएखाली चालतात. परदेशाकडून आलेला वाटा जमा करायला तर स्वतंत्र रकानाच नाही. उद्या दुबईहून शंभर कोटी आले तरी ते तिजोरीच्या समुद्रात जातील, आणि माझ्या केंद्राच्या पावतीपुस्तकात ‘पाटल्या मोडून’ तसंच राहील.

‘पाच-अ’ प्रकरणातही एक भोक आहे, ज्याकडे वर्तमानपत्रांचं लक्ष जात नाही. कलम ६८-क चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, म्हणते की, अटकेच्या, वॉरंटच्या किंवा स्थानबद्धतेच्या तारखेआधी सहा वर्षांहून जुनी असलेली मालमत्ता सरकारजमा करता येणार नाही. म्हणजे ज्याने धंदा सात-आठ वर्षं गुपचूप केला, लवकर कमावलं, लवकर जमीन घेतली, तो सुटला. हुशार तस्कराला यापेक्षा सोयीचं काय हवं? परदेशातल्या मालमत्तेच्या बाबतीत हे आणखीच गैरसोयीचं, कारण तिचा पत्ता लागेपर्यंतच वर्षं जातात. मिरचीच्या १९८६ च्या खरेदीला हे प्रकरण आज कितपत लागू पडलं असतं, ते आपले कायदेतज्ज्ञ सांगतील.

देशातल्या देशात लागणारा वेळही विसरून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊदच्या कुटुंबाच्या जमिनींचा साफेमाखाली लिलाव झाला. एका तुकड्याची राखीव किंमत १५,४४० रुपये. तो दोन कोटी एक लाखाला गेला. कोकणात एवढ्याशा तुकड्याला हा भाव ऐकून लोक थक्क झाले, चॅनेलवाल्यांनी गावात गाड्या उभ्या केल्या. नागपाड्यातल्या त्याच कुटुंबाच्या मालमत्तांवरचा दावा सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये फेटाळला. जप्तीची सुरुवात आधीच्या शतकातली. हे रत्नागिरीत आणि नागपाड्यात. जिथे भाषा वेगळी, कोर्ट वेगळं, जमिनीची नोंद पाहण्याची पद्धत वेगळी, तिथे किती काळ लागेल?

एक जाणीव मला आहे. जप्तीची ताकद वाढवा म्हटलं की समोरून विचारतात, ईडीला अजून ताकद? हा प्रश्न रास्त आहे. टाच आणायची, बातमी द्यायची आणि खटला वर्षानुवर्षं पडून ठेवायचा, ही शिक्षेआधीची शिक्षा होते. एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये भारताचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्यातही सूर तोच : टाच मोठ्या रकमेची, पण खटले तुंबलेले म्हणून दोषसिद्धी आणि अंतिम जप्ती मागे. शिवाय ज्याने कुणीतरी विकायला काढलेला फ्लॅट सरळ व्यवहारात, बँकेचं कर्ज काढून घेतला, त्याला संरक्षण हवंच. व्हिएन्ना करारही सद्भावनेने घेणाऱ्याला धक्का लागू नये असं सांगतो. दुबई-लंडनची कोर्टं आपली विनंती तपासतात तेव्हा हेच बघतात, की आदेशाआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी मिळाली होती का, की नुसता राजकीय राग आहे? इथली प्रक्रिया जितकी स्वच्छ, तितकं तिथे आपलं पत्र वजनदार. म्हणून माझी मागणी ताकद वाढवण्याची नाहीच. आहे त्या ताकदीचा हिशेब द्या, एवढीच आहे.

हा हिशेब आज कुणाकडे मागावा हेही कळत नाही. माल पकडणारा एनसीबी गृहखात्याचा, पैसा शोधणारी ईडी अर्थखात्याची, ‘पाच-अ’ खालचे सक्षम प्राधिकारी महसूल विभागाचे, परदेशी पत्रव्यवहाराचं टेबल पुन्हा गृहखात्यात, इंटरपोलशी बोलणारी सीबीआय तिसरीकडे आणि व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. जानेवारी २०२५ पासून इंटरपोलने मालमत्ता शोधण्यासाठी ‘सिल्व्हर नोटीस’ सुरू केली आहे, पहिली नोटीस इटलीच्या विनंतीवरून निघाली, आणि या प्रयोगात भारतही आहे. चांगली गोष्ट आहे. पण सीबीआयला नोटिशीतून दुबईतल्या फ्लॅटचा पत्ता लागला, तर तो सांगलीत किंवा पुण्यात तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरपर्यंत किती दिवसांत पोचतो? एनडीपीएसच्या ६८-इ कलमाने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही आरोपीची मालमत्ता शोधण्याचा अधिकार दिला आहे. आरोपीच्या गावच्या सातबाऱ्यापासून सुरुवात तोच करू शकतो. त्याला हे कलम वापरायला शिकवा. माल पकडल्यावर दोषारोपपत्राची घाई असते आणि मालमत्तेचा कागद मागे पडतो, हे मी ओळखीच्या पोलिसांकडूनच ऐकत आलो आहे.

मला हवं ते थोडक्यात लिहितो. दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात एक तक्ता सभागृहासमोर ठेवा. अमली पदार्थांच्या प्रकरणांत कुठल्या देशाकडे किती विनंत्या गेल्या, किती वर्षांपासून पडून आहेत, परदेशात प्रत्यक्ष किती मालमत्ता गोठली, किती अंतिम जप्त झाली आणि किती रुपये भारतात आले. तसंच आपण दुसऱ्यांसाठी किती जप्त केलं आणि त्याचं काय केलं. नावं नकोत, तपासाला बाधा येईल असं काही नको. आकडे हवेत.

वाटणीचे कायमचे करार करा. सुरुवात संयुक्त अरब अमिरातीपासून, मग ब्रिटन. अमिराती फेब्रुवारी २०२४ मध्ये एफएटीएफच्या करड्या, म्हणजे देखरेखीखालच्या देशांच्या, यादीतून बाहेर पडली आहे आणि आपलं नाव जपायला ती उत्सुक आहे. बोलणी करायला याहून बरी वेळ कुठली? सूत्र निम्म्या-निम्म्याचं असो की मेहनतीप्रमाणे, आधी ठरलेलं असू द्या. हल्द्वानीच्या बिटकॉइनपासूनच अमेरिकेशी सुरुवात करता येईल. तिथे आपण देणाऱ्याच्या खुर्चीत आहोत, म्हणजे अटी मांडायला जागा आहे.

एनडीपीएसच्या कलम ‘सात-अ’ मध्ये, म्हणजे त्या राष्ट्रीय निधीच्या जमेत, दोन बाबी वाढवा : एनडीपीएस गुन्ह्याशी जोडलेली पीएमएलएखालची जप्ती आणि परदेशाकडून आलेला वाटा. त्यातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी बांधून ठेवा आणि तो थेट जिल्ह्यांपर्यंत जाऊ द्या. गर्दवर निदान ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी आहे. एमडीवर तशी गोळी नाही, तिथे समुपदेशक लागतो, महिनोन्महिने लागतो आणि त्याला पगार लागतो. माझ्या केंद्रातल्या समुपदेशकाचा पगार मार्चअखेर ‘देणे’ बाजूला होता.

आणि ते सहा वर्षांचं परंतुक काढा, किंवा निदान परदेशातल्या मालमत्तेपुरतं तरी काढा.

हेच प्रश्न मी आमच्या खासदारांकडे अतारांकित प्रश्नासाठी देतो आहे. परदेशातून आलेल्या रकमेच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य लिहावं, त्याबद्दल तक्रार नाही. ‘माहिती संकलित केली जात आहे’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये.

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल, ठाणे